सिंह आणि त्याचे सोयरे

मध्ययुगीन जर्मनीचा इतिहास वाचताना विद्यार्थ्याची पहिली गाठ पडते ती एकाच नावाच्या अनेक माणसांशी. बाप हाइनरिश, मुलगा हाइनरिश, सावत्र बाप हाइनरिश, नातूही हाइनरिश. इंग्रजी पुस्तकांत या सर्वांना सरसकट हेन्री म्हणतात, आणि त्यांत इंग्लंडचा खराखुरा हेन्री राजा येऊन मिसळला की गोंधळ पुरा होतो. गेल्या वर्षी आमच्या प्राध्यापकांनी मला 'हाइनरिश सिंह' या सरदारावर वर्गात निबंध वाचायला सांगितले, तेव्हा माझी हीच अवस्था झाली. शेवटी मी कॅलेंडरची जुनी पाने उलटी करून डिंकाने जोडली आणि त्यावर वंशावळ काढायला बसलो.

दुसरी अडचण भाषेची होती. ज्या सम्राटाने या हाइनरिशला वाढवले आणि नंतर धुळीस मिळवले तो फ्रेडरिक बार्बारोसा त्याचा 'कझिन' होता, एवढेच पुस्तक सांगते. पण कझिन म्हणजे कोण? चुलत, मावस, मामे की आते? इंग्रजाला त्याचे काही वाटत नाही. आपल्याला मात्र ते कळल्याशिवाय पुढे सरकवत नाही. माझी आजी चष्मा सावरून त्या कागदाकडे बघत होती. तिला इंग्रजी येत नाही आणि जर्मनी कोठे आहे हेही ठाऊक नाही. तिने एवढेच विचारले, "ह्याचं आजोळ कुठलं रे?" त्या वेळी मी हसलो. पुढे चार महिने वाचल्यावर माझी खात्री झाली की, या माणसाविषयी याहून मर्मभेदी प्रश्न विचारता आला नसता.

तर प्रथम आजोळाविषयी. हाइनरिशचा जन्म ११३० च्या आसपासचा. बाप 'मानी' म्हणून ओळखला गेलेला हाइनरिश, वेल्फ घराण्यातला, बव्हेरियाचा ड्यूक. आई गेर्ट्रूड ही सम्राट लोथार तिसरा आणि त्याची राणी रिखेंझा यांची एकुलती एक मुलगी. म्हणजे आईचा बाप सम्राट, त्याला मुलगा नाही, आणि जावई देशातला सर्वांत बलाढ्य सरदार. ११३७ मध्ये इटलीहून परतताना आल्प्स पर्वतात लोथार वारला, तेव्हा गादी जावयाकडे जाणार असेच सर्वांना वाटले. जावयालाही तसेच वाटले. राजचिन्हे त्याच्याच ताब्यात होती.

परंतु जर्मनीत राजा वारशाने ठरत नसे. सरदार आणि धर्माधिकारी त्याची निवड करीत, आणि निवड करणाऱ्यांना फार बलवान राजा नको असतो. ११३८ मध्ये त्यांनी श्टाउफर घराण्यातल्या कोनराडला निवडले. मानी हाइनरिश नमला नाही. कोनराडने त्याच्याकडून सॅक्सनी आणि बव्हेरिया ही दोन्ही राज्ये काढून घेतली. सॅक्सनी मिळाली आल्ब्रेख्त 'अस्वला'ला, बव्हेरिया मिळाली ऑस्ट्रियाच्या बाबेनबेर्ग घराण्याला. ११३९ मध्ये मानी हाइनरिश अचानक मरण पावला. मागे राहिला आठ-नऊ वर्षांचा मुलगा. त्याची बाजू लढवली ती आजीने. विधवा सम्राज्ञी रिखेंझाने सॅक्सनीतले सरदार एकत्र ठेवले, आणि तिच्या मृत्यूनंतर, ११४२ मध्ये, तडजोड होऊन सॅक्सनी नातवाच्या हाती आली.

या तडजोडीची किंमत गेर्ट्रूडने भरली. तिचे दुसरे लग्न बाबेनबेर्ग घराण्यातल्या हाइनरिश याझोमिरगोटशी लावून देण्यात आले आणि मुलाने बव्हेरियावरचा हक्क सोडला. थोडक्यात, ज्या बव्हेरियातून त्याच्या बापाला हुसकले तीच सावत्र बापाच्या पदरात पडली. दुसऱ्याच वर्षी, ११४३ मध्ये, गेर्ट्रूड बाळंतपणात वारली. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. पुस्तकांत तिच्याविषयी दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर सापडत नाही. पण माझ्या कागदावर सगळ्या रेषा तिच्यापाशी येऊन मिळतात, इतक्या की त्या ठिकाणी कागद खोडरबराने फाटला.

आता बार्बारोसाकडे वळू. त्याची आई यूडिट ही मानी हाइनरिशची सख्खी बहीण. म्हणजे ती आपल्या नायकाची आत्या, आणि बार्बारोसा त्याचा आतेभाऊ. श्टाउफर आणि वेल्फ ही एकमेकांची वैरी घराणी बार्बारोसाच्या रक्तात एकत्र आली होती. कोनराडनंतर ११५२ मध्ये हा पुतण्या राजा निवडला गेला त्याचे एक मोठे कारण हेच होते, असे त्याच्या काकानेच, म्हणजे फ्रायझिंगचा बिशप ओटो याने, लिहून ठेवले आहे. दोन घराण्यांना जोडणारा कोपऱ्याचा दगड म्हणून लोकांनी त्याला पसंत केले, असा त्याचा आशय आहे.

राजा होताच आतेभावाने मामेभावाचे ऋण फेडायला घेतले. बव्हेरिया परत द्यायची होती. पण ती होती याझोमिरगोटकडे. आता हे नाते पाहा. बार्बारोसाची आजी आग्नेस हिची दोन लग्ने झाली होती. पहिल्या नवऱ्यापासून झालेला मुलगा बार्बारोसाचा बाप; दुसऱ्यापासून झालेल्या मुलांत याझोमिरगोट आणि वर सांगितलेला बिशप ओटो. म्हणजे याझोमिरगोट हा बार्बारोसाचा सावत्र काका आणि आपल्या हाइनरिशचा सावत्र बाप. सावत्र काकाकडून घेऊन मामेभावाला द्यायचे, आणि काकालाही दुखवायचे नाही, असा पेच होता. तो सोडवायला चार वर्षे लागली. १७ सप्टेंबर ११५६ रोजी रेगेन्सबुर्ग येथे याझोमिरगोटने बव्हेरिया सोडली, आणि मोबदल्यात ऑस्ट्रिया हे बव्हेरियापासून वेगळे, स्वतंत्र ड्यूकराज्य झाले. त्या सनदेत एक कलम आहे : मुलगा नसल्यास राज्य मुलीला मिळावे. सनदेत याझोमिरगोटची दुसरी पत्नी थेओडोरा हिचेही नाव नवऱ्याबरोबरीने आहे. आजच्या ऑस्ट्रियाचा जन्म म्हणजे एका कुटुंबातली वाटणी होय, असे म्हटले तर इतिहासकारांनी रागावू नये.

पुढली वीस वर्षे हाइनरिशच्या भाग्याची होत. सॅक्सनी आणि बव्हेरिया मिळून उत्तर समुद्राजवळच्या सखल मुलखापासून आल्प्सपर्यंत त्याची सत्ता पसरली. एल्बे नदीपलीकडच्या स्लाव्ह लोकांची भूमी त्याने तलवारीने जिंकली. त्यांचा सरदार निक्लोट ११६० मध्ये मारला गेला. त्याच निक्लोटच्या नातवाला हाइनरिशने पुढे आपली अनौरस मुलगी दिली. ज्याला मारले त्याच्याच घराशी सोयरीक! ११५९ मध्ये त्याने ल्यूबेक शहर नव्याने वसवले. ते पुढे बाल्टिक व्यापाराचे केंद्र झाले. त्याच्या आदल्या वर्षीची म्युनिकची कथा अधिक रंजक आहे. इझार नदीवर फ्रायझिंगच्या बिशपचा पूल होता आणि मिठाच्या गाड्यांची जकात तो घेत असे. हाइनरिशने तो पूल मोडला आणि बाजार, टांकसाळ व पूल थोडे वरच्या अंगाला आपल्या हद्दीत उभे केले. हा बिशप म्हणजे तोच ओटो, सम्राटाचा सावत्र काका. तंटा सम्राटापुढे गेला. १४ जून ११५८ रोजी निकाल लागला : बाजार नव्या जागीच राहील, उत्पन्नाचा तिसरा हिस्सा बिशपला द्यावा. म्युनिक शहर आजही आपला वाढदिवस याच तारखेचा मानते. काकापेक्षा मामेभाऊ जवळचा ठरला तो काळ हा.

ब्राउनश्वाइग येथील किल्ल्यासमोर ११६६ च्या सुमारास त्याने ब्राँझचा सिंह उभा केला. रोमनांनंतर आल्प्सच्या उत्तरेस एवढ्या आकाराची, चौथऱ्यावर मोकळी उभी असलेली ओतीव मूर्ती कोणी केली नव्हती. त्या काळी अशी मूर्ती सम्राटालाच शोभावी. शेजारच्या सरदारांनी त्याच सुमारास त्याच्याविरुद्ध जूट केली होती, आणि सम्राटाने मध्ये पडून त्याला वाचवले.

लग्नाच्या बाबतीतही तो चढत गेला. पहिली बायको झेरिंगेन घराण्यातली क्लेमेंझिया. तिला ११६२ मध्ये सोडले. कारण दाखवले ते जवळच्या रक्तसंबंधाचे. चौदा-पंधरा वर्षांच्या संसारानंतर नाते आठवावे हे नवलच! खरे कारण असे की, झेरिंगेनचे आणि बार्बारोसाचे जमत नव्हते. १ फेब्रुवारी ११६८ रोजी मिंडेनच्या चर्चमध्ये त्याने माटिल्डाशी विवाह केला. ती इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आणि एलिनोर यांची थोरली मुलगी. नवरी बारा वर्षांची, नवरदेव चाळिशीला टेकलेला. या लग्नाने रिचर्ड आणि जॉन त्याचे मेहुणे झाले. सासरा मात्र वयाने जावयाहून लहान होता.

आता बिघाडाकडे येऊ. प्रसिद्ध कथा ११७६ ची आहे. लोंबार्डीतल्या शहरांशी लढायला बार्बारोसाला सैन्य हवे होते. किआव्हेन्ना येथे त्याने हाइनरिशची भेट घेऊन मदत मागितली. हाइनरिशने मोबदल्यात गोस्लार मागितले. गोस्लार म्हणजे शेजारच्या रामेल्सबेर्ग डोंगरातली चांदीची खाण. सम्राटाने नकार दिला. कथेप्रमाणे तो मामेभावापुढे गुडघे टेकून बसला आणि तरीही हा हलला नाही. त्याच वर्षी २९ मे रोजी लेन्यानो येथे सम्राटाचा पराभव झाला.

हा प्रसंग चित्रकारांना फार आवडला. परंतु तो सांगणारे बखरकार बऱ्याच वर्षांनंतरचे आहेत, आणि हाइनरिशची राज्ये ज्या सनदेने वाटून दिली तिच्यात किआव्हेन्नाचा उल्लेख नाही. माझ्या मते, त्याहून एक साधी, घरगुती गोष्ट अधिक उलगडा करते. हाइनरिशचा एक काका होता, सहावा वेल्फ. त्याचा एकुलता एक मुलगा ११६७ मध्ये रोमच्या मोहिमेत साथीने मेला. म्हातारा खर्चिक झाला, मेजवान्या देऊ लागला, पैसा अपुरा पडू लागला. त्याने पुतण्याला सांगितले, मला पैसे दे, माझी जमीन तुझी. पुतण्याने होकार दिला, पण पैसे देईना. काका आज ना उद्या मरणारच, मग विकत कशाला घ्यायचे, असा त्याचा हिशेब. तेव्हा म्हातारा भाच्याकडे गेला. भाचा म्हणजे बहीण यूडिटचा मुलगा, सम्राट बार्बारोसा. त्याने रोख मोजली आणि ११७९ च्या सुमारास श्वाबेनमधला वेल्फांचा वारसा श्टाउफरांकडे गेला. काका पुढे ११९१ पर्यंत जगला!

मला येथे थांबावेसे वाटते. आमच्या घरी माझे वडील आणि त्यांचे आतेभाऊ यांच्यात विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बोलणे बंद होऊन अकरा वर्षे झाली. आजी ही त्या आतेभावांची मामी. तिला दोन्हीकडची लग्ने चुकवता येत नाहीत. म्हणून मला पुस्तकांतले ते 'राजकीय संबंध बिघडले' हे वाक्य पुरेसे वाटत नाही. राजकारण होतेच. बार्बारोसाला ११६४ पासून मुलगे होत गेले, त्यांच्यासाठी जमीन हवी होती. पोपशी तह झाल्यावर त्याला मामेभावाची पूर्वीसारखी गरज उरली नव्हती. पण काकाचे पैसे न देणारा आणि गोस्लार मागणारा माणूस एकच आहे. नाते आपल्याला सोडून कोठे जाणार, हा त्याचा भरवसा होता. वीस वर्षे त्याच भरवशाने त्याला तारले होते.

शेवट मात्र कायद्याने झाला. सॅक्सनीतल्या सरदारांनी आणि कोलोनच्या आर्चबिशपने तक्रारी केल्या. हाइनरिशला बोलावणे गेले. तो आला नाही. पुन्हा बोलावले, पुन्हा आला नाही. पूर्वी सम्राट सगळे मिटवून टाकीत असे, या वेळी त्याने मिटवले नाही. जानेवारी ११८० मध्ये वुर्त्सबुर्ग येथे त्याची सर्व जहागीर काढून घेतली गेली. १३ एप्रिल ११८० च्या गेल्नहाउझेन येथील सनदेने सॅक्सनीचे दोन तुकडे झाले : पश्चिमेकडचा कोलोनच्या आर्चबिशपला, पूर्वेकडचा आल्ब्रेख्त अस्वलाच्या मुलाला. बव्हेरिया विटेल्सबाख घराण्याला मिळाली, ती १९१८ पर्यंत त्यांच्याकडे राहिली. नोव्हेंबर ११८१ मध्ये एर्फुर्ट येथे हाइनरिश आतेभावाच्या पायांवर पडला. सम्राटाच्या डोळ्यांत पाणी आले असे म्हणतात. समकालीन बखरकार आर्नोल्डला ते अश्रू खरे वाटले नाहीत. मला ते खरे वाटतात. पण निकाल बदलला नाही. ब्राउनश्वाइग आणि ल्युनेबुर्गकडची खाजगी जमीन तेवढी त्याला ठेवू दिली, आणि देश सोडायला सांगितले.

तो गेला सासुरवाडीला. ११८२ मध्ये बायकोमुलांसह नॉर्मंडीत सासऱ्याच्या दरबारी, मग इंग्लंडमध्ये. घरजावयाचे जिणे आपल्याकडे कमीपणाचे मानतात. येथे मात्र सासऱ्याने सन्मानाने ठेवून घेतले आणि सम्राटाकडे रदबदलीही केली. ११८४ मध्ये विंचेस्टर येथे त्याला विल्हेल्म हा मुलगा झाला. मुलांची नावे पाहण्यासारखी आहेत. मुलीचे नाव रिखेंझा, एका मुलाचे लोथार, म्हणजे आजोळच्या सम्राट-सम्राज्ञीची नावे. धाकट्याचे नाव मात्र इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमचे, म्हणजे मुलांच्या आजोळचे. रिखेंझाचे नाव इंग्रजांना उच्चारता येईना म्हणून की काय, तिचेही माटिल्डा करण्यात आले.

११८५ मध्ये तो परतला. ११८९ मध्ये, सम्राट धर्मयुद्धाला निघताना, मागे हा नको म्हणून पुन्हा हद्दपार झाला. या वेळी माटिल्डा जमीन सांभाळायला ब्राउनश्वाइगला राहिली आणि जून महिन्यात तेथेच वारली. आठ दिवसांनी तिचा बापही गेला. हाइनरिश शपथ मोडून परतला आणि बार्डोविक हे गाव त्याने उद्ध्वस्त केले. पुढच्या वर्षी बार्बारोसा आजच्या तुर्कस्तानातील एका नदीत बुडून मेला. भांडण पुढच्या पिढीकडे गेले. मुलगा लोथार ओलीस असताना मेला.

आणि मग, ११९४ च्या सुरुवातीस, हे भांडण मिटले ते एका आईमुळे. बार्बारोसाचा सावत्र भाऊ कोनराड ऱ्हाइनकाठचा मोठा सरदार होता. त्याची एकुलती मुलगी आग्नेस आणि हाइनरिशचा थोरला मुलगा यांची सोयरीक पूर्वी बोलली गेली होती. वैर वाढल्यावर ती मोडली, आणि मुलीसाठी फ्रान्सच्या राजाचे स्थळ आले. मुलीला ते नको होते. तेव्हा नवरा बाहेरगावी असताना तिची आई इर्मगार्ड हिने वेल्फांच्या मुलाला निरोप पाठवून श्टालेकच्या किल्ल्यावर बोलावले आणि रातोरात लग्न लावून दिले. नवा सम्राट, बार्बारोसाचा मुलगा सहावा हाइनरिश, संतापला. आग्नेस त्याची चुलत बहीण. हे लग्न मोड, असे त्याने काकाला सांगितले. परंतु लागलेले लग्न मोडणार कसे? त्याच मार्च महिन्यात वृद्ध सिंहाची आणि सम्राटाची दिलजमाई झाली. सनदा, खटले आणि लढाया यांनी जे साधले नाही ते एका गृहिणीने नवऱ्याच्या माघारी साधले. वर्गात मी हे वाचले तेव्हा मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. प्राध्यापक म्हणाले, "पुरावा सांगा." तो त्या काळच्या बखरीतच आहे, हे मी सांगितले.

६ ऑगस्ट ११९५ रोजी हाइनरिश ब्राउनश्वाइगला वारला. त्यानेच बांधायला घेतलेल्या सेंट ब्लेझियसच्या चर्चमध्ये माटिल्डाशेजारी त्याला पुरले. १९३५ मध्ये नाझींनी हे थडगे उघडले आणि तळघराचे आपल्या पक्षाचे तीर्थक्षेत्र केले. पूर्वेची भूमी जिंकणारा वीर एवढाच त्यांना हवा होता. सासऱ्याकडे आश्रय घेतलेला हाइनरिश त्यांच्या कामाचा नव्हता.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी मला एका चित्रात मिळाले. हाइनरिशने आपल्या चर्चसाठी हेल्मार्सहाउझेनच्या मठात एक सचित्र बायबल-ग्रंथ करवून घेतला होता. ६ डिसेंबर १९८३ रोजी लंडनमध्ये त्याचा लिलाव झाला आणि जर्मन सरकारने इतरांसह तो ८१,४०,००० पौंडांना घेतला. जगातले तोपर्यंतचे सर्वांत महाग पुस्तक ते. एका चित्रात हाइनरिश आणि माटिल्डा गुडघे टेकून आहेत आणि आकाशातून आलेले हात त्यांच्या डोक्यांवर मुकुट ठेवीत आहेत. त्यांच्या मागे पूर्वज उभे आहेत. माटिल्डामागे तिचा बाप आणि आजी. हाइनरिशमागे बाप, आई, आणि मग सम्राट लोथार व सम्राज्ञी रिखेंझा. बापाचे आईबाप तेथे नाहीतच! ज्या वेल्फ घराण्याचा तो प्रमुख, त्या घराण्याचे आजी-आजोबा वगळून त्याने आईचे आईबाप उभे केले. मी कोण, असे विचारल्यावर त्याने आजोळाकडे बोट दाखवले आहे.

त्याच्या वंशाचे पुढे बरेच झाले. मुलगा ओटो मामा रिचर्डच्या पाठिंब्याने राजा आणि १२०९ मध्ये सम्राट झाला. परंतु वंश चालला तो विंचेस्टरला जन्मलेल्या विल्हेल्मचा. त्यातूनच हानोव्हरचे घराणे निघाले, १७१४ मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसले, आणि त्यात पुढे राणी व्हिक्टोरिया झाली, जिचे नाव मुंबईच्या स्थानकाला १९९६ पर्यंत होते. १८३७ मध्ये तिला इंग्लंड मिळाले, हानोव्हर मात्र मिळाले नाही. तेथे पुरुष वारस असताना मुलीला गादी नव्हती. ते काकाकडे गेले.

विल्हेल्मच्या मुलाचे नावही ओटो. १२३५ मध्ये माइन्झच्या दरबारात त्याने ब्राउनश्वाइग आणि ल्युनेबुर्गची आपली सारी जमीन सम्राटाच्या स्वाधीन केली, आणि सम्राटाने तीच त्याला ड्यूकपदासह परत दिली. तो सम्राट दुसरा फ्रेडरिक, बार्बारोसाचा नातू. मी कागदाच्या अगदी खालच्या कडेला ही दोन नावे शेजारी शेजारी लिहिली, तेव्हा आजी म्हणाली, "म्हणजे आते-मामे भावांचे नातू. बोलायला लागले म्हण की."